पाकोळ्यांसाठी जागा

कानाच्या डॉक्टरांकडे शिंपीकाका एका कानात कापूस घालून नंबरची वाट बघत होते. दुसरा कान धडधाकट होता आणि तो समोरच्या बाकाकडे लागला होता. तिथे दोन जावा बसल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये डोळे मिटलेली सासू.

"दारावरच पाकोळ्यांनी घरटी बांधलीत गं. चोचीतून चिखलाचा एकेक गोळा आणून! मी सगळ्यांना बजावलंय, पुढचं दार उघडायचं नाही."

"मग जाता-येता कुठून?"

"मोरीच्या दारानं. मुक्या जिवांसाठी एवढं नको करायला?"

"तुमचं मन फार मोठं बाई, ताई."

"फक्त आईंचं अवघड झालंय. त्यांची खोली दाराला लागून. खोकतात सारख्या, पिल्लं दचकतात."

"पिल्लं दचकतात?"

"लेकरंच ना ती! म्हणून म्हटलं, आईंना तुझ्याकडे ठेवावं. पिल्लं उडेपर्यंत."

"म्हणजे कधीपर्यंत?"

"ती उडाली की पुन्हा अंडी घालतात म्हणे. आणि दर वर्षी त्याच घरट्यात परत येतात."

"आमच्या दोनच खोल्या, ताई. त्यापेक्षा घरटीच इकडे पाठवा."

"अगं, हळू बोल!"

"त्यांना कुठे ऐकू येतंय?"

तेवढ्यात नर्सनं सासूबाईंना हाक मारली. त्या पहिल्याच हाकेला उठल्या.

"मागच्या खेपेला मळ काढला ना, तेव्हापासून सगळं ऐकू येतंय. थोरले, घर माझ्या नावावर आहे. पाकोळ्या राहतील. तू बिऱ्हाड कुठे हलवतेस, तेवढं मी बाहेर येईपर्यंत ठरव."