दुसरं राहिलं

प्रभा : एकदा नाही म्हटलं ना, नील. ते तबक आत ठेव.

इंद्रनील : आई, वैदेहीनं सगळं मांडून ठेवलंय. सुपारी, अक्षता, तुझी अंगठी. आणि ढगही फाटलेत. इथं आयर्लंडात, एनिसमध्ये नोव्हेंबरात चंद्र दिसतोय, बघ तरी. शेडच्या वर, नखाएवढा. आत्ता मावळेल.

प्रभा : मावळू दे.

इंद्रनील : भाऊबीज आहे.

प्रभा : मला सांगतोस? चंद्राला कोण ओवाळतं, ठाऊक आहे ना? ज्यांना भाऊ नसतो त्या. आमच्या साताऱ्याच्या घराशेजारची मृणालिनी जायची गच्चीवर, एकटी. मी एकदाच निघाले होते तिच्याबरोबर. सहा वर्षांची होते. अर्ध्या जिन्यात होते, तर खालून हाक आली, "प्रभे, माघारी फिर, भाऊ झाला तुला." तबक तिथंच पायरीवर टाकून पळाले. त्यानंतर कधी चढले नाही तो जिना.

इंद्रनील : प्रतापमामा गेला, आई. दोन महिने झाले.

प्रभा : तू म्हणतोस म्हणून. मी कुठं पाहिलंय? एप्रिलचं माझं विमान रद्द झालं, तेव्हा फोनवर म्हणाला, "तायडे, घाई करू नकोस, भाऊबीजेला ये." मग ते रिपोर्ट सुरू झाले. तू तिथल्या डॉक्टरांशी इंग्रजीत तासभर बोलायचास आणि मला येऊन इथल्या लोकांसारखं सांगायचास, ग्रँड आहे, म्हणजे बरा आहे.

इंद्रनील : आधी खरंच ठीक होता. शेवटी शेवटी... तुला सांगायला जीभच उचलली नाही. डॉक्टर म्हणून रोज वॉर्डात परक्या लोकांना असं सांगत होतो, आणि घरी येऊन तुला नाही सांगता आलं.

प्रभा : सांगून मी इथून काय करणार होते? चहा घेतलास का?

इंद्रनील : घेतो नंतर.

प्रभा : वाती कुणी केल्या या?

इंद्रनील : वैदेहीनं. केमिस्टकडचा कापूस आणून.

प्रभा : सूनबाईंच्या वाती कसल्या, दोरखंड आहेत. आणि तूप?

इंद्रनील : प्रेसमध्ये आहे.

प्रभा : कपाट म्हण रे. मला अजून इस्त्रीच दिसते डोळ्यांपुढे.

इंद्रनील : मामा असता तर आत्ता पाकीट दाखवत बसला असता. "सगळ्यांना वाढदिवसाला मिळतं..."

प्रभा : "...आणि माझ्या वाढदिवसाला मीच ओवाळणी घालायची." जन्मभर तेच गाऱ्हाणं. शाळेत मास्तरांनी एक जून लावली होती, पण तो तिथीच धरून बसायचा. लहानपणी भाऊबीजेचं ओवाळून झालं की पाटावरून उठायचाच नाही. म्हणायचा, "आता वाढदिवसाचं ओवाळ." आई ओरडायची, "एका दिवशी दोनदा कसलं ओवाळायचं? एकातच आलं सगळं." मग तोंड पाडून उठायचा. मोठेपणी तोंड पाडणं संपलं, पण उठताना म्हणायचाच, "तायडे, दुसरं राहिलं."

इंद्रनील : मागच्या वर्षीही म्हणाला असेल.

प्रभा : म्हणाला ना. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी दोन. आता ऊठ, गुडघे धरतील." हसला. उठवेना त्याला, मीच हात दिला.

इंद्रनील : राहू दे, आई. नसेल होत तर नको. मी ठेवतो आत.

प्रभा : थांब. दे इकडे.

इंद्रनील : ओवाळतेस?

प्रभा : भाऊबीजेचं नाही. ते मला जमणार नाही. वाढदिवसाचं ओवाळते. त्याला भाऊ असण्या-नसण्याचा प्रश्न येत नाही. निरांजन बाहेर लाव, आत तो धुराचा अलार्म बोंबलेल. आणि माझी शाल दे.

(मागचं अंगण. वारा आहे. इंद्रनील निरांजनाला दोन्ही हातांचा आडोसा धरून उभा आहे.)

प्रभा : कुठं आहे?

इंद्रनील : शेडच्या पत्र्यावर बघ. माझ्या हाताच्या रेषेत. अजून खाली.

प्रभा : हं. दिसला. किती बारीक झालाय. शेवटी असा झाला होता का रे?

इंद्रनील : हो.

प्रभा : खरं सांगितलंस, बरं केलंस. हात काढ आता.

इंद्रनील : विझेल, आई.

प्रभा : काढ. दोरखंड आहेत, इतक्यात विझायचे नाहीत. बस हं, प्रताप. लगेच उठू नकोस.

इंद्रनील : आई, ढग आला.

प्रभा : येऊ दे. झालं माझं. अंगठी काढून घे तबकातली, अंधारात पडेल कुठंतरी.

इंद्रनील : चल आत. हात गार पडलेत तुझे.

प्रभा : उद्या असेल का रे तो?

इंद्रनील : असेल की. उद्या जरा मोठा असेल, आणि उशिरापर्यंत राहील.

प्रभा : मग वैदेहीला सांग, आणखी दोन वाती करून ठेव म्हणावं. बारीक वळ म्हणावं या खेपेला. भाऊबीज उद्या करीन.