तिसरा कुटं गेला?

तुम्हाला खोटं वाटेल, पण सोलापूरला विमान चालवायला शिकत असताना मी एकदा मरता मरता वाचलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचे सर म्हणजे विमानांच्या शर्यती जिंकलेला माणूस. विमान दोघांपुरतंच, मी पुढे, सर मागे.

मोहोळच्या वर भर दुपारी इंजिन बंद पडलं. सरांनी विमान एका माळावर उतरवायला घेतलं. एवढ्यात कोणीतरी ओरडलं, "डावीकडं!" सरांनी वळवलं आणि उजवीकडून विजेच्या तारा सर्रकन मागे गेल्या. आम्ही धडधडत उतरलो.

सर म्हणाले, "शाब्बास! तारा मला दिसल्याच नव्हत्या."

"मी कुठं ओरडलो, सर?"

तेवढ्यात एक मेंढपाळ पळत आला. "दोगंच? तिसरा कुटं गेला?"

"तिसरा कोण?"

"पंखावर बसला हुता की!" त्यानं सरांकडे बोट केलं. "ह्यांच्यावानीच, पर लई तरणा."

सरांचा धाकटा भाऊ शर्यतीत विमान कोसळून गेला होता. त्यांनी मेंढपाळाला एवढंच विचारलं, "घाबरलेला होता का हो?"

"छ्या! हसत हुता."