सासूबाईंचं विरजण

नाही, आत नको सुमित्राबाई, दारातच बरं — दोन मिनिटांचं काम — वाटी? ही होय, ती अशीच हातात राहिली. तर काय सांगत होतो, पृथ्वीवरचा पहिला जीव. तुमच्या सासऱ्यांचं मिठागर होतं ना खाडीला, तसलीच डबकी समजा. पाणी भरायचं, आटायचं, परत भरायचं, आणि त्या खारट चिखलात — हसू नका, कॉलेजात मी हेच शिकवतो — त्यात जीव निपजला. पण कसा? डीएनए म्हणजे पाककृती, प्रथिनं म्हणजे आचारी. कृतीशिवाय आचारी घडत नाही, नि आचाऱ्याशिवाय कृती उतरवून घेणार कोण? मग आधी कोण? आरएनए! कृतीही तोच, आचारीही तोच. म्हणजे अंदाज आहे, बघायला कोण होतं तिथे — कुठे चाललात? गॅस बंद करून या. केलात? बरं.

तर हे आमच्या सरोजिनीला सांगितलं, तर म्हणते, विरजणाशिवाय दही लागतं का हो कधी? म्हटलं, मग जगातलं पहिलं दही कशानं लागलं? झाला वाद! आमचं विरजण तिच्या आईचं, लग्नात चिपळूणहून आलेलं — रोज त्यातलंच थोडं पुढच्या दुधाला. आई गेली, विरजण राहिलं. सरोजिनी ऐरोलीला बहिणीकडे जाताना बजावून गेली, एवढं एक सांभाळा. सांभाळलं की — म्हणजे सोमवारपर्यंत. सोमवारी थालीपीठ केलं, जरा करपलं, तोंडी लावायला म्हणून घेता घेता वाटी चाटूनपुसून साफ. पण काय चव हो! सासूबाईंच्या हातची, माझी जीभ चुकायची नाही.

घाबरलो नाही मी. पृथ्वीला जमलं ते मला का नाही? दूध ठेवलं उघडं, बिनविरजणाचं. जीव आला त्यात, नाही असं नाही — हिरवा आला, वर लव होती त्याला. जिन्यात वास येत होता ना, तो उंदीर नव्हता मेलेला. वॉचमनला उंदीर मीच सांगितलं.

आत्ता तिचा फोन आला पीसीओवरून, निघाले म्हणून. सुमित्राबाई, चमचाभर विरजण द्या. सबंध सेक्टरात घरी दही तुम्हीच लावता, बाकी सगळे डेअरीचं आणतात — ते नको, ते मी एका चमच्यात ओळखतो. हे विरजण गेलं तर तिची आई दुसऱ्यांदा जाईल हो, आणि तेही माझ्या हातून. — दिवेलागणीला देत नाहीत? अहो, मी विज्ञानाचा माणूस — बरं, तुम्ही वाटी उंबऱ्यावर ठेवा नि आत जा, मी उचलतो. म्हणजे देणं झालंच नाही.

काय? तुमच्याकडेच आहे? तिच्या आईचंच? जायच्या दिवशी सकाळी ठेवून गेली? मग आमच्या फ्रिजमध्ये... डेअरीचं? आणि म्हणाली काय — ‘ते खाणारच आहेत’? असं म्हणाली?

नको, राहू द्या वाटी. तिची ती नेईल. फक्त ते चवीचं बोललो ना मघाशी, ते तिला सांगू नका. लावा दार, दिवा लावायचाय तुम्हाला.