समोरची सायकल

बहीण : डाव्या पेडलच्या पट्ट्याचं टोक वीतभर लोंबतंय. उजव्याचं जेमतेम बोटभर.

भाऊ : मग?

बहीण : मग काही नाही. डावा पट्टा तू उजव्यापेक्षा कितीतरी जास्त आवळतोस. संध्याकाळच्या वर्गाआधी रोज मला तो सैल करावा लागतो, दादा. माझा पायच आत जात नाही.

भाऊ : सकाळच्या घाईत ओढला जातो जास्त. आज व्यायामाच्या स्टुडिओसाठी जागच्या जागी चालवायच्या नव्या सायकली निवडायला बसलोय ना आपण? जुन्यांचे पट्टे काय मोजतेस!

विक्रेता : ताई, पट्ट्यांचं सोडा, नव्या सायकलींना नवे पट्टे देतो मी. फक्त आज एकदाचं काय ते ठरवा. नमुन्याच्या या दोन सायकली टेम्पोत चढवून-उतरवून कंबर गेली माझी. तिसरी खेप आहे ही. लग्न जमवायलाही एवढ्या फेऱ्या मारल्या नव्हत्या मी.

भाऊ : बसा हो. दोन्हींतला फरक पुन्हा एकदा सांगा.

विक्रेता : पुन्हा? बरं. ही भिंतीकडची तुमच्या जुन्यांसारखी. पेडल पुढच्या जड चाकाला जखडलेलं. पाय थांबवलात, तरी चाकाला वेग आहे तोवर पेडल फिरतच राहणार. ही दाराकडची मोकळ्या चाकाची. पाय थांबला की पेडल थांबलं. नवशिक्यांना हीच बरी.

भाऊ : जखडलेल्या चाकावर लय सुटत नाही. बाराच्या बारा माणसं एका तालात चालतात.

बहीण : मग बेकरीवाल्या काकूंची कशी सुटली? तू ‘थांबा’ म्हणालास, त्या थांबल्या. पेडल नाही थांबलं. नडगीला टाके पडले त्यांच्या.

भाऊ : आधी ब्रेक दाबायचा असतो. सांगितलं होतं मी.

बहीण : पहिलाच आठवडा होता त्यांचा.

विक्रेता : मी काय म्हणतो, माझा पाना टेम्पोतच राहिलाय. तो घेऊन येतो. तुमचं चालू द्या.

(विक्रेता बाहेर जातो.)

भाऊ : परक्या माणसासमोर काढायलाच हवं होतं का ते?

बहीण : आता तो नाही, म्हणून दुसरं काढते. दादा, परवा कुलूप लावायच्या आधी मी वर्गाच्या समोरच्या सायकलीवर बसले, तुझ्या. डावा पाय सैल सोडून दिला, नसल्यासारखा. फक्त उजव्याने पेडल मारलं. मजेत चालली. चाकच डावा पाय उचलून वर आणून देत होतं.

भाऊ : प्रयोग करायची तुझी खोड काही जात नाही.

बहीण : आणि मघाशी तू फोनवर होतास, तेव्हा या मोकळ्या चाकाच्या सायकलीवर तेच करून पाहिलं. उजवा पाय तळाला पोचला की सगळं अडतं. तिथून पुढे न्यायला डाव्याने दाबावंच लागतं. प्रत्येक फेरीला हिसका बसतो. समोर बसलेल्या कुणाच्याही लक्षात येईल.

भाऊ : झालं तुझं?

बहीण : नाही. अर्धांगाचा झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, डाव्या पायात हळूहळू ताकद परत येईल. किती आली?

भाऊ : चालतोय ना मी!

बहीण : भिंतीच्या कडेकडेने चालतोस.

भाऊ : हौस आहे का मला? दिवसभर हा पाय ओढत नेतो मी, हटून बसलेल्या पोराला न्यावं तसा. सकाळचा तेवढा एक तास तो माझा असतो. पूर्वीसारखा पळतो.

बहीण : तेव्हाही तो तुझा नसतो, दादा. चाकाचा असतो.

भाऊ : कळतं मला. शास्त्र नको शिकवूस.

बहीण : शास्त्र नाही, मला भीती वाटते. तो पट्ट्यातून सुटला तर?

भाऊ : सुटला.

बहीण : म्हणजे? कधी?

भाऊ : मंगळवारी. काकूंची सायकल रिकामी होती, तिकडे बघत होतो. पोस्टातले काका ओरडले, ‘मास्तर, तुमचा मोजा लाल झालाय!’ तेव्हा खाली पाहिलं. पेडल पोटरीवर आपटत होतं. किती वेळ, कोण जाणे. मला काही जाणवलंच नाही.

बहीण : दाखव बघू.

भाऊ : भरत आलीय जखम. लोकांना म्हटलं, जुनं आहे, खपली निघाली. हसले बिचारे. वर्ग संपेपर्यंत मीही हसत होतो.

बहीण : मला का नाही सांगितलंस?

भाऊ : तुला सांगितलं असतं, तर काहीतरी ठरवावं लागलं असतं.

बहीण : दादा...

भाऊ : हा माणूस पहिल्यांदा आला, तेव्हाच मोकळ्या चाकाच्या घेतल्या असत्या तर काकूंना लागलं नसतं. एवढं सगळं बोललीस, तेवढं मात्र बोलली नाहीस.

बहीण : ते तुझं तुला ठाऊक होतं. मी कशाला डागण्या देऊ? हे बघ, एक जुनी सायकल मागच्या खोलीत ठेवू या. मी जवळ असताना तू चालव.

भाऊ : ते नंतर बघू.

(विक्रेता पाना घेऊन परत येतो.)

विक्रेता : मिळाला बुवा! सीटखाली दडून बसला होता. मग, कुठे अडलंय घोडं?

भाऊ : अडलं नाही. बाराच्या बारा मोकळ्या चाकाच्या द्या.

विक्रेता : आणि समोरची? ती तेवढी जुन्या पद्धतीची हवी म्हणाला होतात.

भाऊ : तीही मोकळ्या चाकाचीच. सीट हिच्या उंचीला लावा.

विक्रेता : ताईंच्या? मग रोज सकाळी तुम्हाला ती वर घ्यावी लागेल की.

भाऊ : नाही लागणार. सकाळचा वर्गही आता हीच घेईल. मी शिकवणं थांबवतोय.