बंद टीव्हीचा ताप

अरे, मी सुप्याला कंपनीत इलेक्ट्रिकचं मेंटेनन्स बघतो, पण माझी खरी परीक्षा घेतली ती माझ्या सासूबाईंनी. त्या पाथर्डीकडच्या, सगळा जन्म म्हशी सांभाळण्यात गेलेला. आमच्या सावेडीच्या फ्लॅटवर राहायला आल्या आणि टीव्ही बघून झाला की थेट पिनच काढून ठेवायला लागल्या. मी वैतागून म्हणालो, "आई, रिमोटनं बंद केलं की बंदच होतं. माझं कामच आहे हे."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर त्या म्हणाल्या, "जावईबापू, आज पिन काढली न्हाई, अन् टीव्ही बी कुनी लावला न्हाई. आता ह्या खालच्या डब्याला हात लावा."

मी सेट-टॉप बॉक्सला हात लावला. चांगलाच गरम होता.

"बंद हाय म्हनता, मग ह्यो काय खाऊन तापला?"

रोज मीटर घेऊन फिरणारा माणूस मी, पण घरातल्या डब्याला कधी हात लावून बघितलं नव्हतं. म्हटलं, "आई, तुम्हाला कसं कळलं हो?"

"म्हशीला ताप हाय का, ते मी कानाला हात लावून वळखते. ह्यो तर सकाळपासनं फनफनलाय!"

मी मुकाट्यानं वाकलो आणि पिन काढली.