डोमाजी गुरुजींचं इंग्रजी मानपत्र

देवकाबाई : थांब, थांब. इतका पळू नको. हा लांबलचक शब्द पुन्हा वाच.

खुशाल : इन्-डि-फॅटिगेबल. बाई, हा मी दोन दिवस खपून शोधला. ‘डोमाजी सर वॉज ॲन इन्डिफॅटिगेबल टीचर.’

देवकाबाई : अर्थ सांग.

खुशाल : कधीच न थकणारा. अथक.

देवकाबाई : वाक्यात उपयोग कर.

खुशाल : केला ना आत्ता. डोमाजी सर...

देवकाबाई : ते मानपत्रातलं वाक्य झालं. मले खरं वाक्य पाह्यजे. राहू दे, मीच करते. गुरुजी इचोड्याच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांसंगं सकाळपासून दिवे लागेपर्यंत पत्ते खेळत, पण इन्डिफॅटिगेबल राहत. बसते का?

खुशाल : अर्थानं बसते बाई. फ्रेममध्ये नाही बसत.

देवकाबाई : पुढचा वाच. अन् ते सूप जराक सरकव, ज्वारीत कागद पडून राह्यले तुहे.

खुशाल : पंक्च्युअल. म्हणजे वेळेवर येणारा.

देवकाबाई : हा ठेव. सोमवारी दहाच्या ठोक्याले बरोबर येत, अन् शनिवारपर्यंतच्या सह्या एका दमात मारून जात. असा वेळेचा माणूस मी नाही पाह्यला.

खुशाल : हसवू नका बाई, शाई सांडन. पॉप्युलर, म्हणजे लोकप्रिय.

देवकाबाई : हाही ठेव. इचोड्यापासून उटनूरच्या दफ्तरापर्यंत कोणालेही विचार, डोमाजी मास्तर म्हटलं की चहा सांगतेत. पण मले एक सांग, मानपत्र इंग्रजीत काऊन?

खुशाल : उद्याच्या निरोप समारंभाचे पाहुणे शिक्षण खात्याचे मंडलचे साहेब. त्यायले मराठी येत नाही, आपल्या गाववाल्यायले तेलुगू नीट येत नाही. मंग आमी शाळेतल्या सगळ्या स्टाफनं ठरवलं, इंग्रजीत करू.

देवकाबाई : म्हणजे कोणालेच समजू नये असं ठरवलं.

खुशाल : दिसते छान बाई. काळ्या मखमलीवर सोनेरी अक्षरं. अन् तुमच्यापासून काय लपवू, माह्या आदिलाबादच्या बदलीचा अर्ज दोन वर्षांपासून पडून हाय. साहेबाच्या कानावर माहे चार वजनदार शब्द गेले, तर काम होऊन जाईन.

देवकाबाई : असं म्हण ना मंग. मानपत्र गुरुजीचं, अन् अर्ज तुहा.

खुशाल : तसंच समजा. आता शेवटचं वाक्य ऐका, तुमच्यावर हाय. ‘हिज वाइफ श्रीमती देवकाबाई इज अ सिंपल हाऊसवाइफ अँड अ ग्रेट इन्स्पिरेशन टू हिम.’

देवकाबाई : एकेक करून सांग.

खुशाल : सिंपल म्हणजे...

देवकाबाई : साधी. तो शब्द तुले मीच शिकवला तिसरीत. पुढं.

खुशाल : हाऊसवाइफ, गृहिणी. घर सांभाळणारी बाई. अन् इन्स्पिरेशन म्हणजे प्रेरणा.

देवकाबाई : प्रेरणा म्हणजे काय करा लागते?

खुशाल : करा काही लागत नाही. बायको घरी असते, नवऱ्याचा सत्कार होते, तवा बायकोले प्रेरणा म्हणतेत.

देवकाबाई : म्हणजे जिनं काहीच केलं नाही, तिले रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून द्यायचा शब्द हाय हा.

खुशाल : सगळ्याच मानपत्रात असते बाई.

देवकाबाई : खुशाल, खरं सांग. तू पहिलीत कोणाजवळ शिकला?

खुशाल : तुमच्याजवळ.

देवकाबाई : दुसरीत?

खुशाल : तुमच्याजवळच. तिसरीतही. हे काय विचारणं झालं? माहा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर तुमीच गिरवून घेतलं.

देवकाबाई : सत्तर सालापासून एक्क्यांशीपर्यंत, अकरा वर्षं. तवा शाळा एकशिक्षकी, अन् तो एक शिक्षक कधी खानेसुमारीत, कधी मतदारयादीत, कधी नसबंदीच्या केसा शोधत, अन् यातलं काहीच नसलं की ढाब्यावर. चाळीस पोट्टे अंगणात येऊन बसत. मी सातवी शिकलेली. चुलीवर भाजी टाकायची अन् बाराखडी घ्यायची. इंग्रजीचा धडा आला की मी गुरुजीले जेवता जेवता शब्दाचा अर्थ विचारून ठेवायची, अन् सकाळी तुमाले सांगायची. पुढं पुढं तर तेच मले विचारायले लागले.

खुशाल : अन् शाळा तपासाले मुआयन्याचे साहेब आले की तुमी लुगड्याचा पदर ओढून चुलीपुढं जाऊन बसत. आमाले आधीच पाठ करून ठेवलेलं राहे. ‘कोण शिकवते?’ ‘गुरुजी शिकवतेत!’ शाळेत मी मोठ्यानं म्हटलेलं पहिलं वाक्य तेच बाई, अन् तेच खोटं.

देवकाबाई : मंग आता खरं लिही. हाऊसवाइफ खोड, इन्स्पिरेशन खोड. लिही, ‘देवकाबाईनं अकरा वर्षं या गावात शिकवलं.’ टीचर लिही. हा लहान शब्द हाय, तुह्या फ्रेमलेही सोपा.

खुशाल : बाई...

देवकाबाई : काऊन, शाई संपली? उद्या गुरुजी रिटायर होऊन राह्यले. हारतुरे होतीन, शाल मिळन. मी कशातून रिटायर होऊ रे? मी तर कुठं लागलीच नाही. मले काही नको, ना शाल, ना नारळ. पण उद्याच्यानंतर हे कोणी बोलणार नाही. उद्या नाही झालं, तर ते झालंच नव्हतं असं होऊन जाईन. त्याचं मले वाईट वाटते.

(डोमाजी गुरुजी बगलेत पिशवी अन् हातात इस्त्रीचा सदरा घेऊन अंगणात येतात.)

डोमाजी : झालं का मानपत्र? खुशाल, खुशखबर हाय. साहेब माह्या पेन्शनचे कागद संगंच आणून राह्यले. समारंभ झाला की तिथंच दस्तखत. चौतीस वर्षांच्या मुलाजमतीत असा साहेब नाही पाह्यला.

खुशाल : सर, इथं जरा अडचण हाय. बाई म्हणतेत, त्यायचं नाव टीचर म्हणून घाला.

डोमाजी : कोणत्या बाई?

देवकाबाई : ही बाई. तुमच्या पुढ्यात बसली ती.

डोमाजी : देवका, भरल्या घरात हे काय काढलं? खुशाल, अन् तू पण, उद्या साहेबापुढं हिले बाई-बाई म्हणू नको. काकू म्हण. साहेबाले संशय येईन.

खुशाल : साहेबाले मराठी येत नाही सर.

डोमाजी : संशय येयाले मराठी लागत नाही! देवका, जरा अक्कल लाव. साहेब वाचतीन, हिनं शिकवलं. मंग पहिला सवाल काय करतीन? ‘तवा मास्तर कुठं होता?’ अकरा वर्षांची हाजिरी माही, पगार माहा, अन् शिकवलं हिनं! तहकीकात लागन. कागद परत पिशवीत जातीन. मंग खा टीचरचा शब्द भाकरीसंगं!

देवकाबाई : मी कुठं म्हणून राह्यली की ढाब्याचं लिहा? अर्धी वर्षं तर सरकारनंच तुमाले शाळेत बसू देल्लं नाही, ते मीही सांगन.

डोमाजी : सरकार आपली चूक मानपत्रात वाचून घेते होय? हे पाय, मी काही एहसानफरामोश नाही. खुशाल, हिच्यासाठी मोठे शब्द काढ. डिक्शनरी आणली ना? उघड.

खुशाल : पिलर ऑफ स्ट्रेंग्थ. म्हणजे आधारस्तंभ.

देवकाबाई : खांब. खांबाले कोणी बाराखडी विचारते का?

खुशाल : सॅक्रिफाइस. त्याग.

देवकाबाई : काय त्यागलं मी? मले शिकवणं आवडे. त्याग ज्याले म्हणतेत ते तर मी आता करून राह्यली.

डोमाजी : आणखी मोठा काढ!

खुशाल : मॅग्नॅनिमस. हा तर साहेबालेही येत नसन. मोठ्या मनाची.

देवकाबाई : मोठं मन, मोठा खांब, मोठा त्याग. अरे, मले मोठं कोण करा म्हटलं? मी जे केलं त्याले इंग्रजीत शब्द हाय. पहिल्याच पुस्तकात हाय, चित्रासंगं. एक बाई हातात छडी घेऊन फळ्यापाशी उभी हाय.

डोमाजी : तो नको म्हणतो ना! तेवढा एक शब्द सोड, देवका. बाकी त्या डिक्शनरीतला कोणताही घे. हजार पानं हायत. हात जोडतो.

देवकाबाई : खुशाल, तू सांगशील का साहेबाले? गुरुजीचं काही बोलू नको. इतकंच, ‘मी या बाईजवळ शिकलो.’ मानपत्रात नको, तोंडानं सांग.

खुशाल : बाई, मी... साहेब विचारतीन, कोणत्या साली, कोणत्या शाळेत. मंग ते फिरून सरांवरच येते. अन् माहा अर्जही साहेबाच्याच टेबलावर हाय. मले समजते बाई, पण...

देवकाबाई : समजलं. तुलेही समजते, यायलेही समजते, अन् मलेही समजते. पेन्शन थांबली तर चूल माहीच थंडी होईन, मॅग्नॅनिमसवर भात शिजत नाही. मले राग येऊन राह्यला तो याचाच. मी खरं बोलून राह्यली अन् माहं खरं मलेच महाग हाय.

डोमाजी : मी कधी नाही म्हटलं का, तू शिकवलं नाही म्हणून? घरात तर मी मानतो.

देवकाबाई : घरात. हो. चुलीपुढं.

(डोमाजी हातातल्या सदऱ्याची घडी पुन्हा घालतात.)

देवकाबाई : खुशाल, ते शेवटचं वाक्य पुरं खोड. हाऊसवाइफही नको, इन्स्पिरेशनही नको, नावही नको. जागा रिकामी ठेव.

खुशाल : पण फ्रेममध्ये खाली पांढरं दिसन.

देवकाबाई : एखादं फूल काढ तिथं. तुहं अक्षर चांगलं हाय, चित्रही जमन.

डोमाजी : चला, मिटलं. आता खुशाल, माहं उत्तराचं भाषण? सत्काराले उत्तर द्या लागते, तेही इंग्रजीतच म्हणतेत.

खुशाल : लिहून आणलं सर. चारच वाक्यं, अगदी सोपी. ‘रिस्पेक्टेड सर. थँक यू व्हेरी मच. आय टॉट द चिल्ड्रन ऑफ धिस व्हिलेज. आय ॲम हॅपी.’

डोमाजी : तिसऱ्याचा अर्थ?

खुशाल : मी या गावच्या पोरायले शिकवलं.

डोमाजी : हं. बरं हाय. तू म्हणून घे माह्याकडून.

देवकाबाई : त्याले जाऊ द्या, त्याले फूल काढायचं हाय. आणा तो कागद इकडं. उभे राहा. हात मागं नका बांधू, साहेब तुमी होणार नाही उद्या. म्हणा.

डोमाजी : रिस्पेक्टेड सर. थँक यू व्हेरी मच. आय ॲम हॅपी.

देवकाबाई : मधलं राह्यलं.

डोमाजी : हो हो. रिस्पेक्टेड सर. थँक यू व्हेरी मच. आय... आय ॲम हॅपी.

देवकाबाई : पुन्हा राह्यलं.

डोमाजी : विसरतो आता. वय झालं.

देवकाबाई : पहिली दोन विसरत नाही, शेवटचं विसरत नाही. वय मधल्याच वाक्याचं झालं का?

डोमाजी : खुशाल, हे वाक्य काढून टाक ना. तीन वाक्यात काय कमी पडते?

खुशाल : सर, तेवढंच तर भाषण हाय. बाकी नमस्कार-चमत्कार.

डोमाजी : देवका, तू जरा आत जाय. तू समोर असली की नाही निघत तोंडातून.

देवकाबाई : आत जाऊन बसली मी अकरा वर्षं. उद्या पहिल्या रांगेत बसणार हाय, साहेबाच्या बायकोच्या बाजूले, नवं लुगडं नेसून. तवा कसं निघन?

डोमाजी : म्हणून तर म्हणतो. शरम वाटते. सांगतलं आता, झालं समाधान?

देवकाबाई : झालं थोडं. पण वाक्य तर म्हणाच लागन. तिसरीतल्या पोट्ट्यायच्या तोंडूनही पहिल्यांदा निघत नव्हतं, मी रागावली नाही कोणावर. माह्या तोंडाकडं पाहा. मी म्हणते ते ऐका, अन् मंग म्हणा. ‘आय टॉट द चिल्ड्रन ऑफ धिस व्हिलेज.’