कमरेच्या पिशवीतला पंप

हॅलो? … ठमे, आहेस कुठे तू? बारा वेळा फोन केला… बंद पडला होता? … बरं, श्वास कसा आहे? … खरं सांग. … हो, हो… अगं ऐक ना, शर्यतीत तुझा दम्याचा पंप माझ्याकडेच राहिला! कमरेच्या पिशवीत! आत्ता दुकान उघडायला किल्ली काढली, तर किल्लीबरोबर पंप हातात.

… तुला माहीत होतं? कधीपासून? … चौदाव्या किलोमीटरपासून. मग हाक नाही का मारायची? … मारलीस?

… नाही गं ऐकली मी. आईशप्पथ.

… तिसरी आले, हो. पन्नाशीच्या वरच्या बायकांत. पदक शिलाई मशीनच्या चाकाला अडकवलंय… अभिनंदन कसलं करतेस, कपाळ माझं!

आपल्या सरावाचा तक्ता समोरच आहे, भिंतीवर. माझ्याच अक्षरात. मोठ्या शर्यतीला सहा आठवडे, आज एकवीस किलोमीटर, पुढे लिहिलंय, 'फक्त सराव. दोघींनी बरोबर. बोलत बोलत पळायचं.' तुला शंभरदा मीच सांगितलं ना, या छोट्या शर्यती म्हणजे नुसता धावदोरा, कपडा कुठे ओढतोय ते कळायला. आणि छातीवर नंबर काय लागला, शिंपीणबाईच तक्ता विसरल्या.

… काय झालं म्हणजे? ती हिरव्या टोपीवाली पुढे गेली आणि… नाही, तिच्यावर नाही ढकलत. खरं सांगू? मला छान वाटत होतं. … अगं, जन्मभर कुणाच्या तरी चालीने चालतेय मी. आधी आईच्या आजारपणात, मग मुलांच्या मागे. आणि… हो, तुझ्याही. आज पाय मोकळे सुटले, तर मागे वळून बघितलंच नाही. लाज वाटते बोलायला, पण छान वाटत होतं.

… हॅलो? आहेस ना? … नाही, रडत नाहीये. … बरं, रडतेय.

एक मिनिट हं… हो, कोट तयार आहे, बाकावर बसा जरा, बहिणीशी बोलतेय… हं, बोल. तुझा नवरा गाडीतून घेऊन गेला ना तुला? मी अर्धा तास थांबले, मग वाटलं, तू सोडून दिलीस आणि… काय? पूर्ण केलीस? एकवीस? … कशी? … श्वास कोंडला तेव्हा थांबलीस. … डॉक्टरांच्या तंबूत पंप मिळाला, बसवून ठेवलं, मग त्यांनीच सोडलं. … रस्त्यावरच्या दिव्यांचे दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं. हे कुणी शिकवलं तुला? … कुणीच नाही.

… तू पोचलीस तेव्हा शेवटची कमान उतरवत होते? … आणि तिथे ओळखीचं कुणीच नव्हतं. … मी नव्हते.

… हं. पंप तूच ठेवणार यापुढे. मी तेच म्हणणार होते. … मी माझ्या वेगाने पळू? मोठ्या शर्यतीत? आणि तुझ्याबरोबर कोण? … हो बाई, जमलं तुला एकटीला, कळलं. … म्हणजे माझी गरज नाही. … तू नाही म्हणालीस, मीच म्हणतेय.

… थांब जरा. विचार करू दे.

… तक्त्यात पंधरा दिवसांनी दहा किलोमीटरची आहे, बघ. ती दोघी पळू. पंप तुझ्या खिशात, माझी पिशवी रिकामी. … मग मी कशाला म्हणजे? माझं काही काम नाही, म्हणूनच. पुढे नाही, मागे नाही, शेजारी. मोठ्या शर्यतीचं मग ठरवू. … माझा गुडघा ना, दुखतोय. आपल्या कर्माची फळं, दुसरं काय!

… हो, बोलत बोलतच पळायचं. … दहा किलोमीटर काय बोलायचं? अगं, तू बोल. आज मला हाक मारलीस ना, तिथून सुरू कर. मी ऐकेन.

… ठेव आता. नाही, आधी तू ठेव.